कोयनेच्या मागे मागे: सातारा ते कराड, लांबच्या रस्त्याने

साताऱ्याहून कराडला हमरस्त्याने सायकल मारली तर पन्नासेक किलोमीटर होतात. सकाळी निघा, मिसळीला पोचा. आम्ही त्याच दोन गावांच्या मध्ये कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर, पोलादपूर, खेड, चिपळूण आणि कोयनानगर घातलं आणि तीनशेच्या आसपास किलोमीटर करून कराड गाठलं.

कारण होतं कोयना नदी. महाबळेश्वरला उगम पावते, तिथून साठ-पासष्ट किलोमीटर सह्याद्रीच्या धारेला समांतर सरळ दक्षिणेला जाते आणि हेळवाकला काटकोनात डावीकडे वळून पूर्वेला कराडकडे निघते. एवढं शाळेत शिकवतात. पण या नदीचं बरंचसं पाणी कराडला पोचतच नाही. ते डोंगराच्या पोटातून पश्चिमेला, कोकणात उतरतं. नकाशावर ते कळतं, पण डोंगराची उंची पायांना कळत नाही. म्हणून घाटमाथ्यावरून कोकणात उतरायचं, परत वर चढायचं आणि नदीबरोबर कराडला जायचं, असं ठरलं.

आम्ही तिघं: मी, नवरा आणि मामेभाऊ. मामा नोकरीची बहुतेक वर्षं कोयना प्रकल्पावर होते, आता कराडला असतात. त्यामुळे भाऊ कोयनानगरच्या कॉलनीत वाढलेला आणि शेवटच्या जेवणाची सोय आपोआप झालेली. दिवस दिवाळीनंतरचे निवडले. धरण भरलेलं असतं, दरडी पडायच्या थांबलेल्या असतात, पहाटे थंडी असते आणि कासची गर्दी ओसरलेली असते.

पहिला दिवस: सातारा – कास – बामणोली – तापोळा

साताऱ्यातून बाहेर पडल्या पडल्या यवतेश्वरचा घाट अंगावर येतो. पाय गरम व्हायला सपाटी मिळत नाही, पोवई नाक्यावरचा चहा घशात असतानाच चढ सुरू. मागे अजिंक्यतारा आणि त्याच्या कुशीतलं शहर, पुढे वळणं. घाट फार लांब नाही, पण सकाळी सहाच्या थंडीत दम लागला की छातीत बोचतो. पहिल्या अर्ध्या तासात कोणीही कोणाच्या मागे लागायचं नाही, हा नियम आम्ही घालून घेतला होता. नवऱ्याने तो तिसऱ्या वळणावर मोडला.

वर पोचल्यावर रस्ता माळावरून मजेत जातो. कासला आता फुलं नव्हती, आणि मला ते आवडलं. फुलांच्या दिवसांत तिकीट, कुंपण आणि मोबाइल वर धरलेले हात यांतून पठार दिसतच नाही. आता गवत पिवळं पडलेलं, मधूनमधून उघडा काळपट जांभा, आणि माती किती थोडी आहे हे उघड दिसत होतं. बोटभर मातीच्या थरावर पावसाळ्यात एवढी फुलं येतात, कारण मोठ्या झाडाला मूळ धरायला इथे जागाच नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली त्यांत कास आहे. साताऱ्याला पाणी देणारा कास तलाव पुढे लागतो. तिथे थांबून केळी आणि शेंगदाण्याचा लाडू खाल्ला.

कासच्या पुढे रस्ता बामणोलीला उतरतो आणि झाडी एकदम दाट होते. एका वळणावर खाली पाणी चमकलं. हा शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय. धरण इथून खूप दूर दक्षिणेला आहे, तरी त्याचं पाणी दऱ्यादऱ्यांतून बोटं घालत इथवर आलेलं.

बामणोलीच्या धक्क्यावर वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांची गडबड होती. आम्हाला तापोळ्याला जायचं होतं. लाँच सहसा पूर्ण ठरवावी लागते, पण आमच्या नशिबाने एक लाँच सामान घेऊन निघालीच होती. दोन गॅस सिलेंडर, पत्र्याचे तुकडे, पोल्ट्रीची पोती आणि एक शेळी. आमच्या सायकली वर आडव्या टाकल्या. शेळीची मालकीण मला निरखत होती. म्हणाली, "ताई, गाडी घेता येत न्हाई व्हय?" मी म्हटलं, गाडी आहे, घरी ठेवलीय. तिचा विश्वास बसला नाही. नंतर नवऱ्याला बाजूला घेऊन तिने विचारलं, "पेट्रोल परवडत न्हाई का?"

पाण्यावरून अर्ध्यापाऊण तासात तापोळा. सोळशी आणि कोयना जिथे मिळत होत्या तो संगम आता पाण्याखाली आहे, त्यामुळे चारी बाजूंना नुसतं पाणी आणि डोंगराच्या सोंडा. लाँचवाल्या दादांनी हात दाखवत बुडालेल्या वाड्यांची नावं सांगितली. धरणामुळे उठलेली माणसं कुठे ठाण्याकडे, कुठे रायगडात, कुठे सोलापूर-सांगलीकडे गेली. राहिली त्यांच्या घरातली तरुण पोरं मुंबईला. "गणपतीला आन् शिमग्याला गाव भरतं बघा. बाकी आम्ही म्हातारी आन् ह्यो पाण्याचा सागर."

रात्री एका घरगुती मुक्कामी नाचणीची भाकरी, जलाशयातल्या माशाचं कालवण, ठेचा आणि पातेलंभर भात. मावशींनी तिसरी भाकरी न विचारता वाढली. "सायकल मारायची म्हंजे नांगर धरल्यागतच की," हा त्यांचा हिशोब.

*या टप्प्यासाठी:* कासच्या पुढे मोबाइलची रेंज येते-जाते, बामणोलीनंतर धरूच नका. रोख पैसे साताऱ्यातून घ्या. लाँचची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि दुपारी लवकर धक्क्यावर पोचा. सायकल चेनच्या बाजूने कधीही खाली टाकू देऊ नका. का, ते पुढे येतंच आहे.

दुसरा दिवस: तापोळा – महाबळेश्वर – कुंभरोशी – पार

सकाळी भावाच्या सायकलची चेन सर्वात हलक्या गिअरला गेली की चाकाच्या आऱ्यांना घासायला लागली. लाँचमध्ये कोणतंतरी पोतं सायकलवर बसलं होतं, आणि गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्या पट्टीला लटकतो तो हँगर आत वाकला होता. पुढे सातशे मीटर उंचीचा चढ, आणि हलका गिअर नाही. सायकलचं दुकान साताऱ्यात किंवा चिपळुणात. दोन्ही डोंगराच्या पलीकडे.

मावशींनी पोराला पाठवून लाँचची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका काकांना बोलावलं. काकांनी आयुष्यात गिअरची सायकल उघडली नव्हती. त्यांनी सायकल उलटी केली, पेडल फिरवलं, गिअर खालीवर करायला लावले आणि पाच मिनिटं नुसते बघत बसले. मग विचारलं, "ही पट्टी चाकाला समांतर पायजे ना?" हो. त्यांनी आमचीच ॲलन की बोल्टमध्ये घातली, एक डोळा मिटला, चाकाच्या रिमवर नजर धरली आणि हळू, अगदी हळू बाहेर ओढली. थांबले. परत बघितलं. अजून एकदा ओढली. चेन सगळ्या गिअरांवर लोण्यासारखी फिरली. पैसे विचारले तर म्हणाले, "हत्यार तुमचंच होतं, माझं काय गेलं?" शेवटी चहावर तडजोड झाली, तोही मावशींनी केलेला.

ॲल्युमिनियमचा हँगर असा सरळ करताना तुटूही शकतो. आपल्या सायकलचा जादा हँगर सोबत ठेवा. काडेपेटीएवढा असतो आणि प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, त्यामुळे ऐनवेळी कुठेच मिळत नाही.

तापोळा ते महाबळेश्वर हा पंचवीस-तीस किलोमीटरचा रस्ता आमच्या सगळ्या प्रवासातला सर्वात सुंदर चढ. सुरुवातीला भाताची खाचरं, कापणी झालेली, बांधावर पेंढ्यांचे भारे. नंतर जंगल. जांभूळ, हिरडा, अंजन, त्यांच्यावर चढलेले वेल. रस्ता अरुंद, वाहनं तुरळक, आणि चढ असा की कुठेही उभं राहून पेडल मारायची गरज पडत नाही, पण कुठेही सुटकाही नाही. एका झाडावर शेकरू होतं. लांब झुपकेदार शेपूट फांदीखाली सोडून ते बसलं होतं, आणि आमची चाल इतकी मंद होती की त्याने पळायचे कष्ट घेतले नाहीत. मोटारीतून हे दिसत नाही. शीळकरी कस्तुराची शीळ तर इंजिनच्या आवाजात ऐकूच येणार नाही.

महाबळेश्वरात शिरलो आणि जगबुडी झाल्यासारखी वाहनं. बाजारपेठेत हॉर्न, घोडे, चणेवाले, सेल्फी. आम्ही तिथे थांबलोच नाही. पाच-सहा किलोमीटर पुढे क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या नद्यांचं उगमस्थान मानतात. कृष्णा पूर्वेला वाईकडे, कोयना दक्षिणेला, सावित्री पश्चिमेला कोकणात. कृष्णा आणि कोयना एकाच डोंगरावरून निघून वेगवेगळ्या दऱ्या फिरून थेट कराडला भेटतात. आम्ही ज्या भेटीला निघालो होतो तिची ही सुरुवात. पुजारीकाकांनी सायकलवरून आलो म्हटल्यावर प्रसादाचा नारळ अख्खा हातात दिला, जो पुढे घाट उतरताना माझ्या पाठीत खडखडत होता.

बाजारातून मध घेतला. मांघर हे महाबळेश्वरजवळचं गाव २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालंय. इथल्या जंगलात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. जांभळाचा मध थोडा कडवट लागतो, आणि चढावर अर्धा चमचा जिभेवर ठेवला तर कुठल्याही परदेशी एनर्जी जेलपेक्षा बरा.

दुपारनंतर मेटतळ्यावरून उतरून प्रतापगडाच्या पायथ्याला कुंभरोशीत मुक्काम. गड आम्ही आधी पाहिलेला, म्हणून उरलेल्या उजेडात पार गावाकडे उतरलो. तिथे कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे आणि अजून वापरात आहे. १६५९ च्या नोव्हेंबरात अफजलखानाची छावणी याच पारच्या परिसरात होती. कोयना इथे अगदी लहान आहे, गोट्यांवरून खळाळणारी. सकाळपर्यंत जिला आम्ही सागर म्हणत होतो तीच ही. पुलावर एक आजोबा म्हशी घेऊन चालले होते. पूल किती जुना आहे असं नवऱ्याने विचारलं. "म्हाराजांचा हाय," ते म्हणाले आणि म्हशींना वाट करून द्यायला आम्हाला कठड्याला चिकटून उभं केलं. म्हशींच्या पायाखाली पूल हललासुद्धा नाही. परतीचा चढ अंधारात केला. पुढचा दिवा चांगला हवा, आणि या भागात गवे आहेत हे लक्षात ठेवा. संध्याकाळनंतर वळणावर वेग नको.

तिसरा दिवस: आंबेनळी – पोलादपूर – कशेडी – खेड – चिपळूण

पहाटे साडेसहाला प्रतापगड फाट्यावरून आंबेनळी घाट उतरायला घेतला. खाली सावित्रीची दरी धुक्याने काठोकाठ भरलेली. ऊन वरच्या कड्यांना लागलेलं, आम्ही सावलीत, हात गारठून ब्रेक दाबले जाईनात. लोकरी नाही तरी पूर्ण बोटांचे हातमोजे आणा. पुण्यात हसाल, इथे नाही.

आंबेनळीचा रस्ता सुंदर आहे आणि अवघडही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, पावसाळ्यात दर वर्षी कुठे ना कुठे दरड. २०२१ च्या जुलैत तर रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला होता. आता दुरुस्ती झालेली होती, तरी वळणावर खडी पसरलेली सापडतेच. रिम ब्रेक असतील तर सतत धरून बसू नका. वळणाआधी जोरात दाबा, वळणात सोडा. मी अधूनमधून थांबून रिमला हात लावून पाहिला, एकदा चटका बसला, तेव्हा दहा मिनिटं बसलो. धुक्याच्या आत शिरलो तेव्हा हवा एकदम ओली आणि कोमट झाली. तिथेच कोकण लागलं.

कापड्याजवळ धुकं संपलं. इथून तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठला फाटा जातो. आम्ही गेलो नाही, पण वेळ असेल तर जा. पोलादपुरात वडे, उसळ आणि दोन-दोन कप चहा. अंगातले जाकीट निघाले ते कोयनानगरपर्यंत परत चढले नाहीत.

पोलादपूरच्या पुढे मुंबई–गोवा महामार्ग. याची मला धास्ती होती. पण कशेडीला बोगदा झाल्यापासून वाहतूक बरीचशी तिकडे वळलीय, आणि जुना घाट सायकलस्वारांसाठी मोकळा पडलाय. बोगद्यात सायकल घालू नका, जुन्याच रस्त्याने जा. चौपदरी गोंगाटातून बाहेर पडून या रस्त्याला लागलो आणि आपल्याच टायरचा आवाज ऐकू यायला लागला. दोन्ही बाजूंना झाडं रस्त्यावर वाकलेली, डांबरावर पाचोळा. बंद पडलेल्या ढाब्यांच्या रंग उडालेल्या पाट्या, "शुद्ध शाकाहारी", "गाडी धुऊन मिळेल". एकच टपरी उघडी होती. काकी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "पूर्वी रात्रभर गाड्या थांबायच्या, झोप नव्हती. आता माकडं आणि तुमच्यासारखी." टपरी का सोडत नाही, विचारलं. "सोडून कुठं जाणार? आणि उकाडा नाय इथं." त्यांच्याकडे कांदाभजी मागवली, ती तळून होईपर्यंत त्यांनी मला घरच्या काजूंच्या झाडांचा सगळा हिशोब सांगितला. विकास झाला की कुणाचा तरी रस्ता जुना होतो हे खरं, पण काकींना त्याची खंत करायला वेळ नव्हता.

खेडला जगबुडी नदी ओलांडली. तिथून लोटे आणि पुढचा चिपळूणपर्यंतचा तुकडा मला आवडला नाही. ट्रक, धूळ, ऊन आणि चढउतार, ज्यांत एकही चढ नावाजण्यासारखा नाही पण सगळे मिळून पाय खाऊन टाकतात. हा भाग पहाटे करता आला तर उत्तम. नाहीतर डोक्यावरून पाणी ओतत, डाव्या पट्टीला चिकटून पार पाडायचा. परशुराम घाटात मात्र थांबा. खाली वाशिष्ठीची नागमोडी वळणं, तिच्यातली बेटं, नारळी आणि पलीकडे चिपळूण.

चिपळुणात ज्या लॉजवर उतरलो तिथे आमची खोली दुसऱ्यालाच दिलेली निघाली. नाव सांगत नाही. मालकाच्या चुलतभावाच्या घरी माळ्यावर सोय झाली आणि ती लॉजपेक्षा कितीतरी चांगली होती. जिन्याजवळ भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक पुसट तपकिरी रेघ. २२ जुलै २०२१ चा पूर. घरातल्या वहिनींनी रंग देताना ती रेघ मुद्दाम सोडली होती. "पोरांना सांगायला बरी पडते," म्हणाल्या. जेवायला तिसऱ्यांचं सुकं, तांदळाची भाकरी, सोलकढी. मी किती सोलकढी प्यायले ते लिहीत नाही.

चौथा दिवस: चिपळूण – कुंभार्ली घाट – कोयनानगर

हा दिवस मी ज्यासाठी आले होते तो. अंतर कमी, साधारण पन्नास किलोमीटर, पण जेवढं काल पहाटे फुकट उतरलो त्यातलं बरंचसं आज परत चढायचं.

गुहागर–विजापूर रस्त्याने खडपोली, अलोरे, शिरगाव, पोफळी. पहाटे निघालो म्हणून ट्रक कमी. शेजारी वाशिष्ठी. तिचं पाणी डिसेंबर असो वा मे, आटत नाही, कारण त्यात कोयनेचं पाणी आहे. इथे भावाने सायकल बाजूला घेऊन आम्हाला अख्खा धडा दिला. वर, घाटमाथ्यापलीकडे धरण. तिथलं पाणी डोंगराच्या आतल्या बोगद्यांतून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जवळपास पावणेपाचशे मीटर खाली कोसळतं. तिथून निघालेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा अडवतात, परत एकदा वीज करतात, मग ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट. नवीन बोगद्याचं तोंड जलाशयात उघडण्यासाठी १९९९ आणि २०१२ मध्ये तळाशी स्फोट करून 'लेक टॅपिंग' केलं, तेव्हा कॉलनीतली पोरं त्या दिवशी परीक्षेसारखी जागी होती, असं त्याचं म्हणणं. कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेकडे वळवायला परवानगी दिलेली आहे, आणि धरणाची एकूण साठवण १०५.२५ टीएमसी. म्हणजे बंगालच्या उपसागराला जाणारं एवढं पाणी दर वर्षी दिशा बदलतं.

पोफळी सोडलं की खरा घाट. उतार साधारण पाच टक्के, कुठे सहा-सात. म्हटलं तर फार नाही, पण ऊन चढलं की दम काढतो. माझ्याकडे पुढे ३४ आणि मागे ३२ दातांचं चक्र होतं, ते पुरलं. सामान जास्त असेल तर मागे ३४ घ्या. वळणं मोठी आणि मोकळी, वर बघितलं की पुढचे दोन रस्ते डोक्यावर दिसतात. मनाला ते न बघणंच बरं. आपण जी उंची तास-दीड तास घाम गाळून चढतोय तीच उंची बाजूच्या डोंगराच्या आत पाणी त्याच वेळी उतरतंय, हे डोक्यात आलं आणि जाईना. वीज म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं तेवढं त्या घाटात कळलं. पावणेपाचशे मीटर हा आकडा मी आता कधीही विसरणार नाही, कारण प्रत्येक मीटरचे पैसे मांड्यांनी मोजलेत.

अर्ध्यात एक ट्रक पुढे जाऊन थांबला. क्लीनर उतरला आणि हातात तीन पेरू ठेवून गेला. ड्रायव्हरने खिडकीतून ओरडून विचारलं, "पैज लावलीय काय?" नाही म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला.

घाटमाथ्यावर रत्नागिरी जिल्हा संपून सातारा सुरू होतो. वारा थंड, चहा गोड, वडा गरम. चढाच्या घामाने ओले कपडे तिथेच बदला. पुढचा उतार हेळवाकपर्यंत जंगलातून आहे आणि गार लागतो. या जंगलाचा उत्तरेकडचा भाग कोयना अभयारण्यात येतो. ते आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला.

हेळवाकच्या नाक्यावर चहा पिताना एक काका शेजारी बसले. १९६७ चा भूकंप झाला तेव्हा आठ वर्षांचे होते. ११ डिसेंबरची पहाट, चार वाजून गेलेले. "आईनं मला दंडाला धरून बाहेर फेकलं. तो दंड अजून वळला की दुखतो, पण मी हाय." घर गेलं, आजी गेली. त्या पहाटे कोयनानगरची वसाहत उद्ध्वस्त झाली, धरणाला तडे गेले, नंतर ते मजबूत केलं. जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप होतात का, या प्रश्नावर जगभर जे संशोधन झालं त्यात कोयनेचं नाव पहिल्या ओळीत येतं. कराडला त्यासाठी प्रयोगशाळा आहे आणि गोठणेजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास चालतो. लहान धक्के अजून होतात. काकांना विचारलं, भीती वाटत नाही? "भांडी वाजली तर आम्ही मोजतो. एक-दोनला उठत न्हाई कोण."

संध्याकाळी भावाने त्याची शाळा, त्याची कॉलनी, त्याचं चिंचेचं झाड दाखवलं. नेहरू स्मृती उद्यानातून धरण समोर दिसतं, आणि पन्नाशीचा माणूस तिथे 'बाबांचं धरण' म्हणाला. आम्ही हसलो नाही.

*या टप्प्यासाठी:* ओझर्डे धबधबा नवजाच्या बाजूला आहे, नोव्हेंबरात पाणी कमी असतं. सामान उतरवून जाऊन या, रस्ता छान आहे. कुंभार्ली सकाळी नऊच्या आत चढून संपवा. चढावर पाण्याच्या दोन बाटल्या कमी पडतात, पोफळीला भरून घ्या.

पाचवा दिवस: कोयनानगर – पाटण – कराड

आजचा रस्ता नदीबरोबर उतरणारा. अगदी थोडा उतार, पण दिवसभर आपल्या बाजूचा. सकाळी खोऱ्यात धुकं आणि चुलींचा धूर, डाव्या-उजव्या डोंगरांची फक्त टोकं वर. नदी कधी रस्त्याला चिकटते, कधी शेतांपलीकडे जाते. पाटणला केरा नदी तिला मिळते. वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या. खालच्या पाण्याचीही वीज, वरच्या वाऱ्याचीही.

पाटणच्या पुढे खोरं रुंद होतं आणि ऊस सुरू. नवारस्ता, मल्हारपेठ, विजयनगर. गळीत हंगाम चालू झालेला, म्हणून रस्त्यावर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलगाड्या. ट्रॉलीच्या मागे फार जवळ राहू नका. उसाचं कांडकं चाकाखाली आलं की पुढचं चाक सरळ घसरतं. एका फडाशेजारी तोडकऱ्यांच्या कोप्या होत्या. बीडकडची माणसं. एक मुलगी, नऊ-दहा वर्षांची, धाकट्या भावाला कडेवर घेऊन आमच्यामागे पळत आली आणि म्हणाली, "एक राऊंड द्या." नवऱ्याने सीट खाली केली तरी पाय पुरेनात. मग तिला पुढच्या दांड्यावर बसवून मी त्या मातीच्या रस्त्यावर फडाभोवती फिरवलं. शाळा कुठली, विचारलं. गावाकडची सांगितली, इथली नाही.

दुपारी बाराच्या आत कराड. जुन्या कोयना पुलावरून शहरात शिरलो आणि थेट प्रीतिसंगमावर. यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे तिथे. इथे कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना दक्षिणेकडून, आणि दोघी समोरासमोर भिडून पूर्वेला वळतात. कृष्णा वाईमार्गे आलेली, कोयना आम्ही पाहिलेल्या वाटेने. मामा आधीच येऊन बाकावर बसले होते. त्यांनी आमच्यापेक्षा सायकलींची तपासणी आधी केली, हँगरवर बोट फिरवलं आणि लाँचवाल्या काकांचं काम बघून समाधानाने मान हलवली. मग म्हणाले, "कोयनेत आज पाणी बरंय. काल पायथ्याचं वीजगृह चालू असणार." म्हणजे धरणातून नदीत जे पाणी सोडतात त्यावरही वीज करतात. पश्चिमेला गेलेलं पाणी फुकट गेलं असं कराडकर म्हणतात, वीज झाली नसती तर मुंबई अंधारात राहिली असती असं मामा म्हणतात. हा वाद त्यांच्या घरी दर रविवारी होतो. आम्ही मामींच्या पुरणपोळीवर होतो तेव्हाही तो चालू होता, आणि कोणीच हरलं नाही.

परतीसाठी कराड स्टेशन ओगलेवाडीला आहे, गावापासून थोडं लांब. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी कोयना एक्स्प्रेसने पुण्याला आलो. सायकली लगेजच्या डब्यात बुक केल्या. त्यासाठी गाडीच्या वेळेच्या तासभर आधी पोचा, पेडल काढून ठेवा, हँडल वळवून बांधा, टायरमधली थोडी हवा सोडा, ओळखपत्राची प्रत सोबत असू द्या आणि दोन्ही चाकांना नाव-फोन लिहिलेल्या चिठ्ठ्या बांधा. डिरेलरवर जुन्या टॉवेलची घडी बांधायला मात्र विसरू नका.